बिघाड सापडतो, हीच अडचण

वॉशिंग मशीन घरच्या घरी दुरुस्त करावं की नाही, यावर आजवर जेवढे वाद झाले ते सगळे चुकीच्या मुद्द्यावर झाले. विरोधक म्हणतात, 'जमणार नाही.' समर्थक म्हणतात, 'जमतं हो, त्यात काय एवढं!' जमलं तर चांगलंच, याबद्दल मात्र दोघांचं एकमत असतं. माझं म्हणणं असं की घरच्या दुरुस्तीतला खरा धोका ती जमण्यातच आहे. न जमलेली दुरुस्ती अगदी निरुपद्रवी असते. चार स्क्रू काढले, टॉर्च मारून आत पाहिलं, 'हं' म्हटलं, चार स्क्रू परत लावले आणि मेकॅनिकला फोन केला. कुणाचं काही गेलं नाही. पण दुरुस्ती जमली म्हणजे बिघाडाचं कारण सापडलं, आणि वॉशिंग मशीनच्या बिघाडाचं कारण मशीनच्या पोटात सापडलं तरी मशीनचं नसतं. ते घरातल्या कुणाचं तरी असतं. त्याला नाव असतं, आडनाव असतं आणि बहुधा ते दुरुस्ती करणाऱ्याच्याच रेशन कार्डावर असतं. हे मत मांडायला मी अधिकारी माणूस आहे असा माझा दावा नाही. लेखकाला स्क्रू ड्रायव्हर दिला तर तो आधी त्याने पाठ खाजवून पाहतो. पण पुरावे तपासायला हत्यारं लागत नाहीत.

पहिला पुरावा मशीनच्या पायाशी, उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या झडपेमागे असतो. समोरून दार असलेलं, म्हणजे फ्रंट लोड मशीन बंद पडतं ते रविवारी सकाळीच. आदल्या दिवशी पाहुणे येऊन गेलेले असतात, चादरी आणि अभ्रे आत असतात, पाणी काचेच्या निम्म्यापर्यंत उभं असतं आणि दार लॉक झालेलं असतं. पडद्यावर 'ओ-ई' अशी अक्षरं लुकलुकतात, म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये. पुस्तिकेत उपाय एका ओळीचा: ड्रेन फिल्टर साफ करा. गृहस्थ झाकण फिरवतो, पोटातलं सगळं पाणी त्याच्या पायावर येतं आणि पाण्याबरोबर घराण्याचा इतिहास बाहेर पडतो. दोन रुपयांचं नाणं, हेअरपिन, शर्टाचं बटण, बाळाचा एक मोजा, अंतर्वस्त्रातली वाकलेली तार. इथपर्यंत वातावरण खेळीमेळीचं असतं. मग फिल्टरच्या तळातून कपाटाची छोटी चावी निघते. हीच चावी गेल्या दिवाळीत हरवली होती, तिच्यापायी कामाच्या मावशींना आडून आडून चार प्रश्न विचारले गेले होते आणि शेवटी कुलूप बदललं होतं. 'ही तुमच्या पायजम्याच्या खिशातली.' 'माझ्या पायजम्याला खिसाच नाही.' 'निळ्या पायजम्याला आहे.' आता पाणी वाहून जातं, पंप फिरतो, मशीन पुन्हा सुरू होतं. तांत्रिकदृष्ट्या दुरुस्ती शंभर टक्के यशस्वी. पण मावशींच्या समोर कुणी उभं राहायचं, यावर घरात जी चर्चा सुरू होते तिला कुठलाच फिल्टर पुरत नाही.

दुसरा पुरावा पाण्याचा. मशीन पाणी घेत नाही आणि 'आय-ई' म्हणून ओरडतं. मागचा पाइप सोडवला की व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसते. ती चिमट्याने ओढून काढली तर तिच्यावर तांबूस गाळ. 'महापालिका!' असा उद्गार इथे निघतोच. पण जरा हिशेब करा. मोडकसागर, तानसा, भातसा इथून लांबचा प्रवास करून आलेलं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळून पुढे सोडतात. फाटकाच्या आत आल्यावर ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. या दोन टाक्यांच्या तळाशी काय आहे हे पाहायला कमिटीचा कुणी सभासद स्वतः उतरल्याचं ऐकिवात नाही. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेत टाक्या वर्षातून दोनदा धुण्याचा ठराव येतो आणि 'एकदा पुरे झालं, मेंटेनन्स वाढेल' म्हणून कुणीतरी ठामपणे उभं राहतं. इतिवृत्त काढून पाहा. ठामपणे उभं राहणारा तोच असतो जो आता चिमटा घेऊन मशीनमागे उकिडवा बसला आहे. जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल तर मजला विचारा. कित्येक मशीनच्या पुस्तिकेत किमान 0.3 बार दाब मागितलेला असतो. त्यासाठी पाण्याची पातळी नळाच्या साधारण तीन मीटर वर हवी. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्याला एवढी उंची आणायची कुठून? 'डोक्यावर कुणी नाचायला नको, वारा छान' असं म्हणून शेवटचा मजला कुणी पसंत केला होता, हा प्रश्न घर घेतल्यापासून कुणी काढला नव्हता. मशीनने काढला.

तिसरा पुरावा सगळ्यांत चालता-बोलता आहे, कारण यात मशीन स्वतः चालायला लागतं. कपडे पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. एवढ्या वेगात एका बाजूला वजन आलं की मशीन थरथरतं, पुढे सरकतं आणि न्हाणीघराच्या दाराला आतून टेकतं. याला आमंत्रण देते ती एकटी टाकलेली सोलापुरी चादर किंवा पाण्याने जडावलेली एकच जीन्स. मशीन बिचारं सोशिक असतं. ते थांबतं, ड्रम उलटसुलट हलवून कपडे पसरवतं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा थांबतं. तोवर पडद्यावर 'उरलेली 9 मिनिटं' असा आकडा उभा असतो आणि बोरिवली स्टेशनच्या इंडिकेटरवरच्या दोन मिनिटांसारखा तो कमी व्हायचं नाव घेत नाही. मग गृहस्थ तपासासाठी वरचं झाकण उघडतो आणि हादरतो. 'अगं, हे बघ, आत सिमेंटचा ठोकळा! वजन वाढवून विकतात हे लोक!' तो ठोकळा मशीनने चालू नये म्हणूनच कारखान्यात बसवलेला असतो. तो काढून ठेवावा असा विचार मनात येणारी माणसं समाजात आहेत आणि त्यांना मत देण्याचा अधिकारही आहे. बिघाडाचं कारण मात्र ठोकळ्यात नसतं, एकटी चादर टाकणाऱ्या हातात असतं. 'एकच चादर का टाकलीस?' या वाक्याला उत्तर म्हणून 'तुम्ही कधी टाकली आहे का?' हे वाक्य मराठीत तयारच असतं.

अशी उदाहरणं वाढवता येतील. मशीनची बटणं चालत नाहीत, घरात धावपळ होते आणि शेवटी कळतं की चाइल्ड लॉक लागलं आहे. ज्या घरातलं मूल पंचविशीचं आहे तिथेही लागतं. फेस दारातून बाहेर येतो, कारण 'चमचाभर पावडरने काय होतंय' असं म्हणत बादलीच्या काळातली मूठ मशीनमध्ये पडलेली असते. पाणी भरतच राहतं आणि पातळी चढत नाही, कारण बाहेर सोडणारा पाइप जमिनीपासून 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवायचा असतो आणि न्हाणीघराच्या नूतनीकरणात कुणाला तरी तो 'डोळ्यांना खुपला' म्हणून खाली न्हाणी ट्रॅपवर निजवला गेला. आता सायफनच्या नियमाने मशीन एका तोंडाने पितं आणि दुसऱ्याने सोडतं. पुस्तिकेत हे चित्रासकट दाखवलेलं असतं. पण पुस्तिका वाचणं हा आपल्याकडे पराभव मानला जातो. ती देवघराच्या खणात वॉरंटी कार्डाबरोबर नीट ठेवलेली असते.

यावर जाणकार आक्षेप घेतील की सगळंच खापर माणसांवर फोडता येणार नाही. बेअरिंग झिजतं, पीसीबी जळतो, उंदीर वायर कुरतडतात. आक्षेप रास्त आहे, म्हणून एकेक पाहू. बेअरिंग झिजतं हे खरं, पण वेळेआधी का झिजतं? मशीनवर सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. आपल्याकडे मोजमाप वेगळं आहे: काचेतून मोकळी जागा दिसते आहे ना, मग अजून दोन टॉवेल बसतील. पुढे सील जातं, पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं आणि घरघर सुरू होते. अंधेरीला ही घरघर फार उशिरा लक्षात येते, कारण विमानतळ जवळ असल्यामुळे दोष बरेच दिवस विमानांवर जातो. पीसीबीचं म्हणाल तर पावसाळ्यातली दमट हवा त्याला मारते हे मान्य. पण पुष्कळदा बोर्डावर एक झुरळ वारलेलं सापडतं. ऊब आवडली म्हणून ते आत शिरलं हे ठीक, पण ते न्हाणीघराकडे आलंच का? मशीनवर चहाचा कप आणि बिस्किटाचा पुडा ठेवून पेपर कोण वाचतं? उंदराचंही तेच. कंपन्या मशीनच्या तळाला लावायला जाळी देतात. ती जाळी बसवायला आलेल्या माणसाला 'राहू द्या, आमच्याकडे उंदीर नाहीत' असं बाणेदारपणे सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. घाटकोपरला तळमजल्यावर राहूनही असतं.

आता मेकॅनिकची खरी कामगिरी लक्षात येईल. लोक समजतात की तो दुरुस्तीचे पैसे घेतो. दुरुस्ती तर तो दहा मिनिटांत उरकतो. उरलेली फी ही गुप्ततेची असते. तो येतो, चप्पल बाहेर काढतो, 'आंटी, एक टॉवेल देना' म्हणून घरातल्या जबाबदार व्यक्तींना दूर पाठवतो, फिल्टर उघडतो आणि चावी, नाणं, तार हा सगळा मुद्देमाल खिडकीच्या कठड्यावर शॅम्पूच्या बाटलीमागे ठेवतो. 'क्या हुआ था?' असं आपण आपल्या हिंदीत विचारतो. तो शून्यात पाहून म्हणतो, 'वोल्टेज का प्रॉब्लेम है.' या एका वाक्यात नवरा सुटतो, बायको सुटते, सासूबाई सुटतात, मुलगा सुटतो आणि सेक्रेटरीसुद्धा सुटतो. हे निदान शास्त्रीय नाही याचा पुरावा भूगोलात आहे. मुलुंडला वीज महावितरणची, अंधेरी-बोरिवलीला अदानी नाहीतर टाटांची. कंपन्या वेगळ्या, तारा वेगळ्या, बिलं वेगळी, पण मुलुंडच्या मेकॅनिकचं आणि बोरिवलीच्या मेकॅनिकचं निदान अक्षरशः एक. एवढी एकवाक्यता विजेत असणं शक्य नाही. ती मनुष्यस्वभावाच्या अभ्यासातून आलेली आहे. जो मेकॅनिक नवीन असतो, नुकताच कोर्स करून आलेला असतो, तो उत्साहाने चावी वर धरून 'ये देखो, ये फसा था' म्हणतो. त्याला त्या घरातून पुन्हा फोन येत नाही. अनुभवी माणूस फारच चिघळलेलं प्रकरण पाहिलं तर 'पीसीबी गया' म्हणतो. खर्च मोठा होतो, पण पीसीबी म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसल्यामुळे तो कुणी बिघडवला असेल असा संशयही कुणाला येत नाही. महाग पण निष्कलंक.

कारण बाहेरचं असेल तर घर किती शांत राहतं, याचा मोठा प्रयोग उपनगरांनी पाहिलेला आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यांत पाणी शिरलं आणि फ्रिज, टीव्ही, मशीन सगळं बुडालं. नुकसान प्रचंड झालं. पण त्या चिखल भरलेल्या वॉशिंग मशीनवरून कुणाच्या घरात 'तरी मी सांगत होते' हे वाक्य उच्चारलं गेल्याची नोंद नाही. लोकांनी मशीन उलटं करून पाणी काढलं, शेजाऱ्यांचंही काढून दिलं, वाळवलं, चालेल तेवढं चालवलं. म्हणजे माणसं बिघाडाला घाबरत नाहीत, खर्चालाही फारशी घाबरत नाहीत. ती घाबरतात ती आरोपीच्या पिंजऱ्याला. दरवर्षी तसा पाऊस पाडणं परवडणार नाही, म्हणून मेकॅनिक ठेवलेला आहे. वार्षिक देखभाल करार ज्याला म्हणतात तो याच अर्थाने शांतता करार असतो.

इथे ग्राहक चळवळीतले लोक उठून उभे राहतील. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून ग्राहकाला जागं करते आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, ते कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकापासून लपवू नये म्हणून. आणि मी म्हणतो, घरी दुरुस्त करू नका? माझा त्या हक्काला विरोध नाही, हक्क असावाच. पण हक्क असला की तो बजावलाच पाहिजे असं कुठे आहे? ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि चांगला आहे. त्यात एका बाजूला ग्राहक असतो, दुसऱ्या बाजूला विक्रेता किंवा कंपनी. घरच्या दुरुस्तीतून जे खटले उभे राहतात ते ग्राहक विरुद्ध ग्राहक, एकाच पत्त्यावरचे. ते चालवायला आयोग नाही, त्यांना मुदतीची मर्यादा नाही. पायजम्याच्या खिशातल्या चावीचा पुरावा तीन वर्षांनी, पूर्णपणे वेगळ्या विषयावरच्या भांडणात, ग्राह्य धरला जातो.

दुसरा आक्षेप काटकसरीचा. 'व्हिजिटचे पैसे तरी वाचतात!' वाचतात हे मान्य, पण कुठे जातात तेही पाहू. सेमी ऑटोमॅटिक मशीनची धुण्याची चकती गुंगुं करते आणि फिरत नाही. इंटरनेट सांगतं, कपॅसिटर बदला. आधी मल्टीमीटर येतो, कारण मोजल्याशिवाय बदलणं अडाणीपणाचं. कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा भार धरून ठेवू शकतो, हे मल्टीमीटरच्या आधी बोटाला समजतं. मग 'तिथे होलसेल मिळतो' म्हणून मुलुंडचा माणूस मशीद बंदरला उतरून लोहार चाळ गाठायला निघतो. दुरुस्तीचा उत्साह रविवारी येतो आणि लोहार चाळ रविवारी बंद असते. सोमवारी हाफ डे टाकून आणलेला कपॅसिटर मापाचा नसतो. मंगळवारी शेजारचे काका येऊन 'मी सांगतो, बेल्ट आहे' म्हणतात. बुधवारी खरंच बेल्ट निघतो आणि काकांचा जो विजय होतो त्याची किंमत कुठल्याही बिलात धरलेली नसते. ती पुढली कित्येक वर्षं लिफ्टमध्ये चुकवावी लागते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. जो एकटा राहतो त्याने काय करायचं? त्याच्या घरात दुसरं माणूस नाही, भांडण नाही, तर त्याने खुशाल फिल्टर उघडावा की! वरवर पाहता हे बरोबर वाटतं. पण विचार केला तर एकट्या माणसाइतकी भयंकर अवस्था कुणाचीच नाही. चारजणांच्या घरात निदान चार संशयित असतात, थोडी आशा असते. अंधेरीच्या वन रूम किचनमध्ये एकटा माणूस फिल्टरमधून स्वतःच्याच गाडीची चावी काढतो तेव्हा तो चौकशी तरी कुणाची करणार? पायजमा त्याचा, खिसा त्याचा, चादर त्याची, मूठभर पावडर त्याची. म्हणून माझ्या सिद्धान्ताचे सगळ्यांत निष्ठावान अनुयायी हेच लोक आहेत. ते मशीनला हात लावत नाहीत, थेट मेकॅनिकला बोलावतात, दारात उभे राहतात आणि तो फिल्टरचं झाकण फिरवून काही बोलायच्या आत घाईघाईने विचारतात, 'वोल्टेजच असेल ना?' मेकॅनिक मुठीतली चावी न दाखवता म्हणतो, 'और क्या, साहब.' फी किती का असेना, इतक्या स्वस्तात निर्दोष सुटका मुंबईत दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.